ताबा मिस्त्रीचा, नाव मालकाचं

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'मालकी' हा विषय दिला. मालकी म्हटलं की आपल्याकडे गोष्ट सातबारा, बांध आणि भावाभावांच्या वाटणीवर जाते. मला वेगळ्या वस्तू पाहायच्या होत्या. कागदावर एकाच्या, ताब्यात दुसऱ्याच्या, आणि त्यांचं पुढे काय करायचं हे ठरवायचा अधिकार मात्र दोघांपैकी एकालाही धड नाही, अशा. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. रस्त्याकाठचं कुठलंही जुनं गॅरेज पुरतं. मी कन्हान गाठलं.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघालं की कामठी मागे पडते, कन्हान नदीचा पूल लागतो आणि पलीकडच्या काठाला हे गाव. तालुका पारशिवनी. गाड्यांचे नंबर एमएच ४० पासून सुरू होणारे, म्हणजे नागपूर ग्रामीणचे. रामटेकला जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसाखाणी. खाण, ट्रक, रेल्वे आणि महामार्ग एवढं सगळं एका जागी आल्यावर गॅरेजं न उगवली तरच नवल. कामठी-कन्हान बायपास झाल्यापासून लांब पल्ल्याची बरीच वाहतूक बाहेरूनच जाते. वाटेत बंद पडलेल्या गाडीचं परगावचं गिऱ्हाईक त्यामुळे कमी झालं, असं मिस्त्री सांगतात. उरलं ते ओळखीचं. आणि वर्षानुवर्षं गॅरेजात पडून राहिलेली गाडी बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाची असते. परगावचा माणूस पैसे मोजतो आणि निघून जातो. 'नेतो ना दोन दिवसांत' असं म्हणायची सोय ओळखीत असते.

चाव्यांचा डबा

ज्या गॅरेजात मी बसलो ते पत्र्याच्या शेडचं. पुढे काम चालू असलेल्या गाड्या, मागे कडुलिंबाखाली काम संपलेल्या. मागच्या रांगेतल्या गाड्यांची काच कोळशाच्या बारीक धुळीने इतकी माखलेली की आतलं स्टिअरिंगही दिसेना. एका इंडिकाच्या मागच्या सीटवर मिस्त्रींचा जेवणाचा डबा, पुसायच्या चिंध्यांचं पोतं आणि सुट्टे पार्ट ठेवलेले होते. वापरात नसलेल्या गाडीचा कपाट म्हणून वापर चालू होता.

"हे गुर्जीची," मिस्त्री म्हणाले. "क्लच प्लेटसाठी आणली होती. काम झालं, फोन केला. पगार झाला का नेतो म्हणे. मंग बदली झाली. आता फोनच लागून नाही राहिला."

मी विचारलं, गुरुजींचं पूर्ण नाव काय? त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत चाव्या. प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधलेला आणि त्यावर स्केचपेनने लिहिलेलं: 'गुर्जी इंडिका', 'कॉलरी झेन', 'टेकाडीवाले', 'भाचा'. नाव नाही, पत्ता नाही, गाडीचा नंबरही एखाद्याच पुठ्ठ्यावर. भाचा कोणाचा, हे मिस्त्रींना आठवायला थोडा वेळ लागला. त्यांच्याच एका जुन्या हेल्परच्या मामाची गाडी होती ती. आणून सोडली भाच्याने, मामा कधी गॅरेजात आलाच नाही.

हा डबा म्हणजेच इथलं दप्तर. ज्या दिवशी चावी हातात पडते त्या दिवशी ते पुरेसं असतं, कारण माणूस समोर उभा असतो. बदली, निवृत्ती, मृत्यू, भांडण यांपैकी काहीही झालं की पुठ्ठ्यावरचं 'गुर्जी' कोणत्याच कचेरीत चालत नाही.

गाडी अडकते कशी

गाड्या अडकायच्या वाटा ठरलेल्या आहेत. सर्वांत साधी म्हणजे बिलाची. मालक क्लचसाठी गाडी आणतो, उघडल्यावर फ्लायव्हील गेलेलं निघतं, मग हेड गॅस्केट, आणि तोंडी सांगितलेला आकडा दुप्पट होतो. मालकाला वाटतं मिस्त्रीने लुबाडलं. मिस्त्रीला वाटतं पार्टचे पैसे आपण खिशातून भरले. दोघांकडेही लिहिलेलं काही नाही.

दुसरी वाट अपघाताची. विम्याचा सर्वेअर येतो, इस्टिमेट होतं. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. कंपनी आणि मालक यांची घासाघीस चालू असेपर्यंत गाडी उघडलेल्या बॉनेटने गॅरेजात उभी.

तिसरी कर्जाची. हप्ते थकले की गाडी घरासमोर ठेवणं धोक्याचं, म्हणून ती 'कामाला' टाकली जाते. मिस्त्रीच्या लक्षात येतं तेव्हा वसुलीवाले दारात असतात. आणि चौथी वाट घरातल्या भांडणाची: वडील गेले, गाडी गॅरेजात, दोन मुलं वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच वाक्य बोलतात, "गाडी माझ्याशिवाय कोणाला देऊ नका."

मालकाची बाजूही ऐकायला हवी. कन्हानलाच एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांची गाडी पार्ट येत नाही म्हणून एका गॅरेजात पावसाळाभर उभी होती, आणि परत मिळाली तेव्हा आधी चांगली असलेली बॅटरी आणि स्टेपनी बदललेली होती. भांडण करायचं तर सिद्ध काय करणार? गाडी देताना फोटो काढला नव्हता, स्टेपनीचा नंबर कुठे लिहिला नव्हता. उशीर मिस्त्रीचा की मालकाचा, हा वाद इथे नेहमीच तोंडी राहतो.

हिरा, कापड आणि उधारी

या व्यवहारासाठी आपल्याकडे कायदा नाही असं नव्हे. तो दीडशे वर्षांचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२. दुरुस्तीसाठी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणं याला तो 'निक्षेप' म्हणतो. कलम १५१ सांगतं की घेणाऱ्याने ती वस्तू सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी जपावी. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर प्रश्न इथूनच सुरू होतो.

मिस्त्रीच्या बाजूचं कलम १७० वं. ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. हा धारणाधिकार. कायद्यातच दोन उदाहरणं दिली आहेत. जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला कच्चा हिरा दिला, त्याने काम केलं, तर पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे राहू शकतो. शिंप्याकडे कोटाचं कापड दिलं, शिंप्याने काम होताच कोट देण्याचं आणि पैशांसाठी तीन महिन्यांची मुदत देण्याचं कबूल केलं, तर मात्र तो कोट अडवू शकत नाही.

कन्हानच्या गॅरेजात दुसरं उदाहरण वाचून दाखवलं तेव्हा मिस्त्री हसले नाहीत. कारण त्यांचा निम्मा धंदा उधारीचा. 'पैसे पुढच्या महिन्यात द्या भाऊ' असं एकदा म्हटलं की गाडी अडवायचा हक्क डळमळतो. आणि उधारीवर गाडी देऊन टाकली तर हक्क संपलाच, कारण तो ताब्यावर उभा आहे. ताबा गेला की हातात फक्त वहीतली नोंद उरते.

यातली मोठी अडचण पुढे आहे. कलम १७० अडवून ठेवायला सांगतं, विकायला नाही. वस्तू तारण ठेवून घेणाऱ्या सावकाराला कलम १७६ रीतसर सूचना देऊन विक्रीचा हक्क देतं. एवढंच काय, रस्त्यात हरवलेली वस्तू ज्याला सापडली त्यालाही कलम १६९ नुसार, मालक शोधूनही सापडला नाही किंवा त्याने खर्च द्यायला नकार दिला, आणि वस्तू नासू लागली किंवा सांभाळाचा कायदेशीर खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला, तर ती विकता येते. ज्याच्या हातात मालकाने स्वतः चावी दिली, ज्याने त्यावर घाम गाळला, त्या मिस्त्रीला ही सोय नाही.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर सोडली असती तरी मार्ग होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७ सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेली गाडी उचलून न्यायची मुभा देतं. शेडच्या आतल्या गाडीला ते लागू नाही.

जागेचं भाडं कोणाच्या माथी

"जागा अडून राहिली ना जी," मिस्त्री म्हणाले. "एका गाडीच्या जागेत महिन्यातून दहा गाड्या निघते. त्याचे पैसे कोण देईल?"

हा प्रश्न १८६० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर गेला होता. 'ब्रिटिश एम्पायर' नावाचं जहाज दुरुस्त करणाऱ्याने बिलासाठी ते आपल्या गोदीत अडवून ठेवलं आणि अडवलेल्या दिवसांचं गोदीभाडंही मागितलं. न्यायालयाने सांगितलं की वस्तू तुम्ही स्वतःचं येणं वसूल करण्यासाठी, स्वतःच्या सोयीने अडवली आहे. तो खर्च मालकावर टाकता येणार नाही. आपला करार कायदा त्याच इंग्रजी परंपरेतून बारा वर्षांनी आला, आणि त्याचा धारणाधिकारही श्रमाच्या मोबदल्यापुरता आहे. उभी ठेवण्याचं भाडं आधी ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर बारीक अक्षरांत रोजच्या पार्किंगचा आकडा छापलेला असतो. कन्हानच्या शेडमध्ये जॉब कार्डच नसतं.

मुदतीचं गणितही मिस्त्रीच्या विरुद्ध फिरतं. मुदत अधिनियम, १९६३ नुसार केलेल्या कामाचे पैसे मागायचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत करायचा. ठेवलेली वस्तू परत मागणाऱ्या मालकालाही तीनच वर्षं, पण त्याची मोजणी मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. म्हणजे मिस्त्रीचं घड्याळ पाना खाली ठेवला तेव्हाच सुरू होतं. मालकाचं घड्याळ तो येऊन मागेपर्यंत सुरूच होत नाही. दहा वर्षांनी गुरुजी आले आणि "माझी इंडिका द्या" म्हणाले, तर त्यांना उशीर झालेला नसतो.

आरसीवरचं नाव

मिस्त्रींनी मोबाइल काढला आणि एमपरिवहन अॅपमध्ये 'कॉलरी झेन'चा नंबर टाकला. मालकाच्या नावातली मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली. जी दिसली ती गाडी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाशी जुळेनात. त्याने ती कोणाकडून तरी घेतली होती, हस्तांतराच्या टीटी फॉर्मवर सह्याही असतील, पण आरटीओत नोंद बदलली नव्हती.

हे फार सामान्य आहे. जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद दिले जातात, आणि पुढचा घेणारा ते तसेच त्याच्या पुढच्याला देतो. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या व्यवहारात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. कळवलं नाही तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' खटल्यात स्पष्ट केलं. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्याच नोंदणीकृत मालकावर आली. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याचं नाव नोंदीत, तो मालक.

त्यामुळे मिस्त्रीसमोर दोन मालक उभे राहतात. एक, ज्याने पैसे मोजून गाडी घेतली आणि चावी दिली. दुसरा, ज्याचं नाव आरसीवर आहे आणि ज्याला आपली गाडी कन्हानला कडुलिंबाखाली उभी आहे हे ठाऊकही नाही. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तिसरा. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ याशिवाय तो बोजा उतरत नाही. कर्ज फिटून वर्षं झाली तरी लोक तो उतरवायचं विसरतात.

मालक वारला असेल तर वारसांनी नोंदणी अधिकाऱ्याला कळवून फॉर्म ३१ वर नाव बदलून घ्यायचं, सोबत बाकीच्या वारसांची संमती. भावांचं पटत नसेल तर ती सही मिळत नाही. जमिनीच्या वाटणीत जिची कोणी मोजणी करत नाही ती जुनी गाडी, रागाच्या भरात मात्र दोघांनाही हवी असते. मिस्त्रीने एकाला दिली तर दुसरा पोलिसांत जाण्याची धमकी देतो. मिस्त्री म्हणाले, "मी दोघायले सांगतलं, कागद आणा नाहीतर दोघं संगं या. तेव्हापासून दोघंही नाही आले."

उभ्या गाडीची किंमत

वाद चालू असताना वस्तू टिकून राहिली असती तर निदान थांबण्याला अर्थ होता. विदर्भातला उन्हाळा गाडीला थांबू देत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एका जागी उभ्या टायरच्या बाजूंना भेगा पडतात आणि वजनाने ते खालून चपटे होतात. बॅटरी काही महिन्यांत बसते. टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, इथेनॉलमिश्रित असेल तर ओलावा ओढतं, आणि इंजेक्टर चोंदतात. पावसाळ्यात ब्रेक जाम होतात, तळाला गंज धरतो. उंदरांना वायरिंगवरचं प्लास्टिक आवडतं. मिस्त्रींनी झेनचं बॉनेट उचललं तर एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्यांचं आणि वाळल्या पानांचं घरटं होतं. क्लचचं सात हजारांचं काम करून घेतलेली ही गाडी आता चालू करायला त्याच्या तिप्पट खर्च येईल, असा त्यांचा अंदाज.

कागदही तसेच कुजतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि उशिरासाठी दरमहा ५०० रुपयांची तरतूद आली. तीन वर्षं उशीर म्हणजे १८,००० रुपये फक्त उशिराचे. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबर प्लेट. काही वर्षांनी अशी वेळ येते की बिल, दंड आणि दुरुस्ती मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. त्या दिवसापासून मालकाला गाडी न नेणंच परवडतं. तेव्हा तो फोन उचलणं बंद करतो.

मग भंगारात का नाही?

कबाड्याला बोलवावं, तोडून टाकावी, आलेल्या पैशात बिल वळतं करावं. सगळ्यांना सुचणारा उपाय हाच, आणि सर्वांत धोक्याचाही हाच. दुसऱ्याची हवाली केलेली वस्तू परस्पर विकणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४०६ होतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१६, आणि शिक्षा तीनऐवजी पाच वर्षांपर्यंत. शिवाय चेसिस नंबर असलेला तुकडा कुठे गेला याचं उत्तर देता आलं नाही, तर चोरीच्या गाडीचा संशय वेगळाच.

सरकारने २०२१ साली नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम केले. गाडी तिथे दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, नवीन गाडीवर सवलत मिळते, नोंदणी रीतसर रद्द होते. चांगली सोय आहे. पण ती मालकासाठी आहे. अर्ज नोंदणीकृत मालकाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने करायचा, आणि गाडी चोरीची नाही हे केंद्राने तपासून घ्यायचं. मिस्त्री तिथे गाडी घेऊन गेला तर पहिला प्रश्न येतो: आरसी कोणाची?

उरतो दिवाणी दावा. पोस्टाने नोटीस, मग फिर्याद, मग हुकूमनामा, मग त्याच गाडीची जप्ती आणि लिलाव. रस्ता बरोबर आहे, पण सात हजारांच्या क्लचसाठी वकिलाची फी कोण देणार? मालकाला मात्र जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते, आणि तिथे वकील लागतोच असं नाही.

एक ओळ कोणी लिहायची

मी मिस्त्रींना विचारलं, गाडी घेताना एका कागदावर चार गोष्टी लिहून घेतल्या तर? आरसीची झेरॉक्स, आणणाऱ्याचं नाव आणि मालकाशी नातं, घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर, किलोमीटर आणि स्टेपनीचा फोटो. आणि खाली एक ओळ: काम झाल्याचं कळवल्यापासून तीस दिवसांत गाडी न नेल्यास पुढे रोजचं अमुक भाडं. वकील हेच सांगतात, आणि ते बरोबर आहे. लेखी ठरलेलं भाडं मागता येतं, जहाजवाल्यासारखं हात हलवत बसावं लागत नाही.

मिस्त्रींनी मान डोलावली आणि मग समोरच्या बाजूला बोट केलं. रस्त्यापलीकडे दुसरं गॅरेज होतं. "असं लिहून मांगतलं तर गिऱ्हाईक म्हणेल, बावा, वीस वर्षांची ओळख अन् तू माह्याकडून सही मांगतं? अन् गाडी तिकडे लावेल."

हे ऐकून मला उपाय कागदाच्या नमुन्यात कमी आणि कायद्यात जास्त दिसू लागला. इंग्लंडने १९५२ साली न नेलेल्या वस्तूंसाठी वेगळा कायदा केला आणि १९७७ मध्ये त्याच्या जागी नवा, अधिक सुटसुटीत आणला. त्यात दुरुस्ती करणाऱ्याने रीतसर सूचना द्यायची. काही येणं बाकी असेल तर निदान तीन महिन्यांची मुदत द्यायची. तरीही मालक आला नाही तर वस्तू विकायची, आपले पैसे आणि विक्रीचा खर्च वळता करून उरलेली रक्कम मालकासाठी ठेवायची. वाद असेल तर न्यायालयाकडून विक्रीची परवानगी घ्यायची. गाडीच्या बाबतीत आपल्याकडे हे सोपंच जाईल, कारण आरटीओचं रजिस्टर आधीच संगणकावर आहे. नोटीस नोंदणीकृत पत्त्यावर आणि कर्जाची नोंद असलेल्या बँकेला, मुदत संपली की नोंदणी अधिकाऱ्यामार्फत लिलाव किंवा भंगार केंद्र, आणि शिल्लक मालकाच्या नावे जमा. फुल्यांनी झाकलेलं नाव मिस्त्रीला दाखवायचीही गरज नाही. नोटीस कार्यालयानेच पाठवावी.

अशा नियमाचा खरा फायदा विक्रीत नाही. विक्री फार थोड्या गाड्यांची होईल. नोटीस मिळाल्यावर बहुतेक मालक, वारस किंवा बँका येऊन काय तो हिशोब करतील, कारण न येण्याला तेव्हा किंमत असेल. आज गाडी सोडून देण्याचा खर्च सोडणाऱ्याला शून्य आहे आणि सगळा भार शेडच्या मालकावर. आणि नियम सगळ्यांनाच लागू असला की ओळखीच्या माणसाकडे सही मागायचा संकोच उरत नाही. रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गॅरेजला तोच कायदा.

हे मी मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा ते हातातला स्पार्क प्लग साफ करत होते. "कायदाच तसा असन तर बरं आहे जी," ते म्हणाले. "मंग गुर्जीसंगं वाईट व्हायची पाळी माह्यावर नाही येत."